जर्मन लष्करी खंजीर खरा की नकली: हातात घेतल्यापासून आटे उघडेपर्यंतची तपासणी

काही वर्षांपूर्वी मुंबईत एका विक्रेत्याने माझ्यासमोर जर्मन लष्करी अधिकाऱ्याचा खंजीर ठेवला. नारिंगी पिळाची मूठ, पंख पसरलेला गरुड, दाणेदार रुपेरी म्यान, म्यानावर दोन कड्या. सोबत गोष्टही होती: आजोबा मराठा पलटणीत होते, इटलीत लढले, येताना हा घेऊन आले. गोष्ट अशक्य नव्हती. मराठा लाइट इन्फंट्री इटलीत जर्मनांशी लढली होती. यशवंत घाडगे यांना जुलै 1944 मध्ये वरच्या टायबर खोऱ्यात आणि नामदेव जाधव यांना एप्रिल 1945 मध्ये सेनियो नदीकाठी गाजवलेल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या आघाडीवरची एखादी वस्तू आपल्याकडच्या जुन्या ट्रंकेत निघू शकते.

मी परवानगी घेऊन मुठीच्या वरचं टोपण फिरवलं. ते निघालं आणि पात्याची मुठीतून जाणारी शेपटी दिसली. तिच्या टोकाला आटे पाडलेला एक सळईचा तुकडा वेल्ड केला होता. वेल्डिंगचा फुगवटा बोटाला लागत होता. बाहेरून काळवंडलेल्या टोपणाच्या आतले आटे नुकतेच पाडल्यासारखे लख्ख होते. आजोबा इटलीत लढलेही असतील, पण हा खंजीर त्यांच्यासोबत नव्हता.

तेव्हापासून मी एकच गोष्ट शोधतो. खंजीर म्हणजे सात-आठ सुट्या भागांची जुळणी असते. अस्सल असेल तर हे सगळे भाग एका कारखान्यात, एका काळात जन्मतात आणि नंतरची ऐंशी-नव्वद वर्षं एकमेकांना घासत, एकाच हवेत म्हातारे होतात. नक्कल करणारा प्रत्येक भाग जुना दाखवू शकतो. सगळ्या भागांचं एकत्र म्हातारं होणं मात्र त्याला सहसा साधत नाही. खालची प्रत्येक पायरी याच एका प्रश्नासाठी आहे.

आधी ओळख: हा नेमका कोणता खंजीर?

बाजारात दिसणारे बहुतेक खंजीर 1933 ते 1945 या काळातले म्हणून विकले जातात. लष्करी म्हणावेत असे मुख्य तीन.

भूदलाच्या अधिकाऱ्याचा खंजीर 1935 मध्ये आला. मूठ आणि पातं यांच्या मधल्या आडव्या पट्टीवर गरुड, टोपणावर ओकच्या पानांची नक्षी, पिळाची मूठ आणि दाणेदार म्यान. पातं साधारण 26 सेंटिमीटर, दुधारी, बहुधा कोरं.

हवाई दलाचे दोन नमुने आहेत. पहिला 1937 पूर्वीचा: मुठीवर आणि म्यानावर निळं चामडं, आडवी पट्टी पंखांच्या आकाराची, लटकवायला साखळी. दुसरा 1937 चा: मुठीच्या पिळातून फिरवलेली तार आणि करडं दाणेदार म्यान.

नौदलाचा खंजीर पितळेचा, सोनेरी मुलाम्याचा. 1938 पासून त्याच्या टोपणावर गरुड आला, त्याआधी ज्योतीच्या आकाराचं टोपण होतं. पात्यावर बहुधा नांगर आणि जहाजांची नक्षी असते.

चौथा प्रकार सर्वांत जास्त दिसतो: एसए या नाझी पक्षाच्या निमलष्करी संघटनेचा, डिसेंबर 1933 मध्ये मंजूर झालेला तपकिरी मुठीचा खंजीर. त्याचा आकार सोळाव्या शतकातल्या स्विस खंजिरावरून घेतलेला आहे. तो सैन्याचा नाही, पण तपासणीचे उत्तम धडे त्यातूनच मिळतात, म्हणून पुढे त्याच्याकडे परत येईन.

ओळख पटली की त्याच कारखान्याच्या अस्सल नगाचे स्पष्ट फोटो समोर ठेवूनच पुढे जा. गरुडाची पिसं, ओकची पानं, मुठीचा पीळ हे सगळं प्रत्येक कारखान्यात थोडं वेगळं असे. नुसत्या ‘जर्मन खंजिराशी’ तुलना करून काहीच हाती लागत नाही.

लोहचुंबक

अर्ध्या मिनिटाचं काम आहे. भूदलाचं आणि हवाई दलाच्या दुसऱ्या नमुन्याचं म्यान पोलादी पत्र्याचं असतं, त्याला चुंबक चिकटला पाहिजे. नौदलाचं म्यान पितळी, त्याला चिकटता कामा नये. आडवी पट्टी आणि टोपण पितळ, जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू), अॅल्युमिनियम किंवा जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, तिथेही चुंबक चिकटत नाही. नौदलाच्या ‘सोनेरी’ म्यानाला चुंबक खट्कन बसला तर खंजीर खाली ठेवा. उलट, चुंबकाची चाचणी पार पडली म्हणून खंजीर खरा ठरत नाही. तिने फक्त ढोबळ नकला गळतात.

धातू आणि मुलामा: इथे वेळ द्या

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खिडकीच्या उजेडात बसा. ट्यूबलाइटखाली मुलाम्याचा रंग फसवतो.

त्या काळातला मुलामा निकेलचा किंवा चांदीचा. निकेलला किंचित पिवळसर, उबदार झाक असते. नंतरच्या नकलांवर क्रोम असतं, त्याची झाक निळसर आणि आरशासारखी थंड. घरातला नवा नळ आणि जुन्या सायकलचं निकेल केलेलं हँडल शेजारी ठेवून पाहा, फरक डोळ्यांत बसेल. एकदा बसला की पुस्तकाची गरज उरत नाही.

मग गरुडाकडे या. चांगल्या नगावर गरुडाची पिसं ओतकामानंतर हाताने छिन्नीने उठवलेली असतात, कडा बोटाला जाणवतात. अस्सल नगाचा साचा काढून ओतलेल्या नकलेत तीन खुणा राहतात. कडा विरघळलेल्या साबणासारख्या मऊ होतात. खोलगट भागात बारीक छिद्रं आणि बुडबुडे दिसतात. तिसरी खूण मोजूनच कळते: ओतलेला धातू थंड होताना आक्रसतो, त्यामुळे नकलेची पट्टी मूळ पट्टीपेक्षा किंचित लहान येते. व्हर्नियर कॅलिपरने रुंदी मोजा आणि त्याच कारखान्याच्या अस्सल नगाच्या मापाशी ताडून पाहा.

मळही वाचता येतो. आजीच्या देवघरातल्या समईच्या नक्षीत साठलेला काट आठवा. तो खोलात घट्ट बसलेला, करडा-काळा आणि कोरडा असतो. उंच भाग हाताळून उजळलेले, खोल भाग काळे, आणि मधला उतार हळूहळू बदलत गेलेला. नकलेवरचा काळेपणा रंगाचा किंवा रसायनाचा असतो आणि जिथे कधीच हात लागत नाही तिथेही सारखाच पसरलेला असतो. कापसाच्या बोळ्यावर अॅसिटोनचा थेंब घेऊन धातूच्या एका कोपऱ्यावर फिरवला तर लावलेला रंग बोळ्यावर उतरतो. पण हे फक्त धातूवर आणि मुठीपासून लांब. अॅसिटोनने सेल्युलॉइड विरघळतं, आणि एका थेंबाने अस्सल मूठ कायमची खराब होते.

पितळ जिथे चामड्याला टेकतं तिथे हिरवट मेणासारखा जंगाल जमतो. ताक पितळेत कळकतं हे आपल्याला ठाऊक आहे, इथेही तसाच प्रकार: चामड्यातलं तेल आणि तांबं यांची गाठ पडते. हवाई दलाच्या पहिल्या नमुन्यात चामडं आणि धातू जिथे भेटतात त्या रेषेवर असा जंगाल असेल तर ती चांगली खूण आहे. पुसून टाकू नका.

मूठ

भूदलाच्या मुठी पांढऱ्यापासून गर्द नारिंगीपर्यंत सगळ्या छटांत मिळतात. अनेक मुठी लाकडाच्या किंवा प्लास्टरच्या गाभ्यावर चढवलेल्या कृत्रिम पदार्थाच्या आहेत. वयाने आणि उजेडाने रंग गडद होत जातो. म्हणूनच रंग सगळीकडे अगदी एकसारखा असेल तर मला शंका येते. टोपणाखालच्या आणि मुठीच्या खालच्या कड्याखालच्या भागाला उजेड लागलेला नसतो, तिथे फिकट पट्टा सापडायला हवा. धातूच्या कडेने मुठीवर उमटवलेली ती सावली आणि आज धातू जिथे बसतो ती जागा जुळली पाहिजे. सावली दोन मिलिमीटर वर आणि धातू खाली, असं असेल तर मूठ दुसऱ्याच खंजिराची आहे.

नकली मुठी रेझिनच्या असतात. भिंगाखाली पिळाच्या खाचेतून साच्याची जोडरेघ जाताना दिसते, वरच्या भोकातून आत पाहिलं तर हवेचे बुडबुडे दिसतात. गरम सुई टोचून पाहण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो ऐकू नका. सेल्युलॉइड पेट घेतं.

अतिनील टॉर्चबद्दलही सांभाळून. खंजिराला बांधलेल्या रुपेरी गोंड्याचा दोरा त्या प्रकाशात निळा-पांढरा उजळला तर तो नवा, असं सर्रास सांगितलं जातं, कारण कापड चमकवणारी रसायनं युद्धानंतर सर्वत्र पसरली. मात्र आजच्या साबणात धुतलेला जुना गोंडाही उजळतो. उजळला तर शंका धरा, निकाल देऊ नका.

पातं आणि त्यावरची अक्षरं

भूदलाचं पातं बहुधा निकेलच्या मुलाम्याचं असतं. म्यानाच्या तोंडाशी आत पोलादी पट्ट्या पातं धरून ठेवतात, त्यामुळे वर्षानुवर्षं आत-बाहेर केल्यावर पात्यावर लांबच लांब समांतर ओरखडे पडतात. हे ओरखडे मला आवडतात. ते म्यानाच्या पट्ट्यांशी जुळले तर पातं आणि म्यान जुने सोबती आहेत. पातं आत जाताना शेवटी हलका अटकाव जाणवला पाहिजे आणि म्यान उलटं केलं तरी ते गळून पडता कामा नये.

एसएच्या पात्याचं वैशिष्ट्य वेगळं. ते मुलाम्याशिवाय असतं आणि त्यावर पात्याच्या लांबीला आडव्या जाणाऱ्या बारीक रेषा असतात. झोलिंगेनच्या कारागिरांची ही खास घासणी. उजेडात पातं तिरपं धरलं की रेशमी कापडासारखी चमक सरकते. नकलेत रेषा उभ्या असतात किंवा आरशासारखी पॉलिश असते.

त्यावरचं ब्रीदवाक्य आम्लाने कोरलेलं असतं: ‘आल्लेस फ्यूर डॉइचलांड’, म्हणजे ‘सर्व काही जर्मनीसाठी’. आम्लाने खाल्लेल्या अक्षराची कड भिंगाखाली सूक्ष्म खडबडीत दिसते, तळ गडद आणि एकसंध असतो. लेझरने कोरलेल्या अक्षराच्या तळाशी एकसारख्या बारीक रेघा किंवा ठिपके दिसतात. हा फरक फोटोत लपवता येतो, भिंगाखाली नाही.

कारखान्याचं चिन्ह आणि काळाचा हिशेब

हे खंजीर बहुतेक एकाच गावात घडले: पश्चिम जर्मनीतलं झोलिंगेन, मध्ययुगापासून पात्यांसाठी प्रसिद्ध. आइकहॉर्नची खार, व्हायर्सबर्ग-किर्शबाउमचं शिरस्त्राणातलं डोकं, रोबेर्ट क्लासचे दोन करकोचे, ह्योलरचा थर्मामीटर, अल्कोसोचा तराजू. चिन्हांचं रेखाटन वर्षांनुसार बदलत गेलं. खारीची शेपटी, तिच्या हातातली तलवार, अक्षरांचं वळण, सगळं ताडून पाहावं लागतं.

अल्कोसो म्हणजे अलेक्झांडर कोपेल, झोलिंगेन. हे ज्यू कुटुंब होतं. नाझी राजवटीत कारखाना त्यांच्या हातून गेला, आणि डॉ. अलेक्झांडर कोपेल 1942 मध्ये टेरेझिएनश्टाटच्या नाझी छावणीत मरण पावले. त्या तराजूच्या चिन्हाखाली पुढेही नाझी सैन्यासाठी खंजीर निघत राहिले. अशा वस्तू मी कशासाठी जपतो, असं मला विचारतात, तेव्हा मी हे चिन्ह दाखवतो. खोटा खंजीर म्हणजे या पुराव्यात घुसवलेली खोटी साक्ष आहे, आणि म्हणून मला त्याची चीड येते.

आपल्या इतिहासाशी झोलिंगेनची जुनी ओळख आहे. मराठ्यांच्या फिरंग तलवारींची पाती युरोपातून येत, त्यात जर्मन पाती बरीच. पासाउ या जर्मन गावातल्या कारागिरांचं धावत्या लांडग्याचं चिन्ह झोलिंगेनवाले उचलत, इटलीतल्या नामांकित कारागिराचं ‘आंद्रेआ फेरारा’ हे नाव भलत्याच पात्यांवर कोरलं जाई. चिन्ह म्हणजे पुरावा नव्हे, हे शस्त्रांच्या बाजाराला चारशे वर्षांपासून माहीत आहे. त्यामुळे चिन्ह बघून खूश होण्याऐवजी त्याचा काळाशी मेळ बसतो का ते तपासा.

एक उदाहरण. एसएच्या सुरुवातीच्या काही खंजिरांवर मागच्या बाजूला एर्न्स्ट र्‍योम या एसए प्रमुखाच्या नावाचं अर्पणवाक्य कोरलेलं असे. 30 जून 1934 ला हिटलरने र्‍योमला पकडलं आणि 1 जुलैला त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर ते वाक्य घासून काढायचा हुकूम निघाला. म्हणून पूर्ण वाक्य असलेले नग दुर्मिळ, महाग, आणि साहजिकच सर्वांत जास्त नकललेले. आता दुसरी बाजू बघा: पक्षाच्या साहित्य खात्याचं ‘आरझेडएम’ हे चिन्ह खंजिरांवर त्यानंतर येऊ लागलं. एकाच पात्यावर र्‍योमचं वाक्य आणि आरझेडएमचं चिन्ह दोन्ही असतील तर ते पातं काळातच बसत नाही. भिंगसुद्धा काढायला नको.

साहित्याचाही असाच क्रम आहे. एसएच्या सुरुवातीच्या खंजिरांना जर्मन सिल्व्हरचे भाग, नंतरच्यांना मुलामा दिलेलं जस्त. लवकरच्या चिन्हाच्या पात्यासोबत फोड आलेली जस्ताची आडवी पट्टी दिसली तर भाग बदललेले आहेत.

सरकारी तपासणीच्या शिक्क्याबद्दल गैरसमज आहे. भूदलाचे अधिकारी खंजीर स्वतःच्या पैशाने विकत घेत, तो सरकारी पुरवठा नव्हता. त्यामुळे त्यावर गरुडाचा तपासणी शिक्का नसणं हेच स्वाभाविक. काही हवाई दलाच्या खंजिरांवर तो आढळतो, पण भूदलाच्या खंजिरावर दिसला तर तो शिक्का ‘जास्तीची खात्री’ म्हणून कोणी नंतर मारला असावा असा विचार आधी करा.

आता उघडा

विक्रेता उघडू देत नसेल तर मी घेत नाही. अपवाद फक्त आक्रसलेल्या, तडकलेल्या मुठीचा. तिथे जोर लावला तर मूठ फुटेल, ते नुकसान भरून निघत नाही.

टेबलावर मऊ टॉवेल अंथरा. टोपण हाताने, चामड्याचा तुकडा धरून, घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा. पकड वापरू नका, तिचे दात नक्षीवर उमटतात. टोपण, मूठ, खालचं कडं, आडवी पट्टी, पात्याच्या मुळाशी असणारी चामड्याची चकती, या क्रमाने भाग निघतील. तसेच ओळीने मांडा आणि फोटो काढा.

शेपटी पात्यासोबत एकाच पोलादातून घडलेली हवी. तिच्यावर कानसीच्या खुणा, तपकिरी-काळा कोरडा गंज, कधी एखादा आकडा किंवा छोटा शिक्का असतो. आधी सांगितलेला वेल्ड दिसला तर काम संपलं. गंजाचा रंगही पाहा: रसायनाने आणलेला गंज नारिंगी, भुरभुरीत आणि एकसारखा, जुना गंज गडद, घट्ट आणि ठिकठिकाणी पोलाद खाल्लेला. चामड्याची चकती दाबून पाहा. जुनी असेल तर कडक असते आणि आडव्या पट्टीच्या आतल्या आकाराचा ठसा तिच्यावर उमटलेला असतो.

सर्वांत अवघड प्रकरण इथेच समोर येतं. एप्रिल 1945 मध्ये अमेरिकन फौजा झोलिंगेनमध्ये आल्या. कारखान्यांत सुटे भाग पडून होते, त्यांतून सैनिकांना आठवण म्हणून खंजीर जुळवून दिले गेले. पुढेही असे भाग बाजारात येत राहिले. अशा खंजिराचा प्रत्येक भाग अस्सल असू शकतो, तरीही तो कुठल्याच अधिकाऱ्याच्या कमरेला कधी लटकला नव्हता. इथे फक्त एकत्र म्हातारं होण्याच्या खुणा उपयोगी पडतात: मुठीवरची सावली, चकतीवरचा ठसा, म्यानाच्या ओरखड्यांची जुळणी, आणि कडी वर्षानुवर्षं जिथे झुलली तिथे म्यानाच्या पट्ट्यावर पडलेली छोटी घासलेली चंद्रकोर. यातलं काहीच नसेल तर तो ‘जुळवलेला’ म्हणून आणि त्याच किमतीला घ्या.

आपल्याकडे देहरादूनला तलवारी आणि खंजिरांच्या प्रतिकृती बनवणारा मोठा उद्योग आहे, आणि प्रतिकृती म्हणून विकलेली प्रतिकृती हा प्रामाणिक माल आहे. तीच वस्तू तिसऱ्या-चौथ्या हातात गेल्यावर ‘आजोबांची’ होते. म्हणून भारतात समोर आलेल्या नगाची शेपटी आणि मुलामा मी दुप्पट काळजीने पाहतो.

जी पाती दमास्कस पोलादाची (लहरींची नक्षी असलेल्या पोलादाची), नावं कोरलेली, मोठ्या सेनाधिकाऱ्याची म्हणून दाखवली जातात, त्यांच्या वाटेला पहिली काही वर्षं जाऊच नका.

पैसे देण्याआधी

लांबून घेत असाल तर उघडलेल्या भागांचे फोटो मागा: शेपटीच्या दोन्ही बाजू, मुठीची दोन्ही भोकं, आडव्या पट्टीची आतली बाजू, म्यानाचं तोंड. खोटा निघाल्यास पूर्ण पैसे परत, हे लेखी घ्या.

कायदाही पाहा. भारताच्या शस्त्र नियमांच्या यादीत तलवारी आणि संगिनींसोबत खंजीर आहेत, आणि 9 इंचांपेक्षा लांब पात्याचा त्यात उल्लेख आहे. भूदलाचं 26 सेंटिमीटरचं पातं त्या मापाच्या पुढे जातं. परदेशातून मागवायचा असेल तर आयातीच्या परवानगीचा प्रश्न वेगळा. पहिल्या महायुद्धातला किंवा त्याआधीचा, शंभर वर्षं उलटलेला नग असेल तर पुरावशेष कायद्याचाही विचार करावा लागतो. वकिलाला किंवा शस्त्र परवाना शाखेला आधी विचारा. परदेशातल्या मराठी संग्राहकांसाठी: जर्मनीत नाझी चिन्हं उघडपणे प्रदर्शित करणं फौजदारी संहितेच्या कलम 86अ खाली गुन्हा आहे, म्हणून तिथल्या लिलावांच्या फोटोंत चिन्ह झाकलेलं दिसतं. ते पाहून विक्रेता काही लपवतोय असं समजू नका, झाकलेल्या भागाचे फोटो वेगळे मागा.

घरी आणल्यावर ब्रासो, चिंच, राख यांतलं काही लावू नका. ज्या काळवंडण्यावर तुम्ही विसंबलात तेच त्याने निघून जाईल, आणि पुढच्या माणसाला तपासायला काही उरणार नाही. पात्याला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरे. पावसाळ्यात हवाई दलाच्या पहिल्या नमुन्यासारखा चामडी म्यानाचा खंजीर म्यानातून काढून शेजारी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा, आणि उघडताना काढलेले फोटो तारखेसह त्याच खणात ठेवा.